‘मतदानात घोटाळा झाला’ असा मेसेज आला तर: दावा तपासायची पद्धत, इंदूरच्या मतदारासाठी

निकालाच्या दुपारी रामबाग असो की सुदामानगर, फोनवर तीच तीन-चार चित्रं फिरत असतात. ट्रकमधून उतरणाऱ्या पेट्या, यंत्राच्या पडद्यावर ९९ टक्के बॅटरी, आणि ‘पाच वाजता एवढी टक्केवारी, रात्री एवढी’ असा लाल गोलातला आकडा. काही मेसेज इथल्या मोहल्ल्यातले, काही पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांनी पुढे ढकललेले. त्यातलं काही निखालस खोटं असतं, काही खरं पण अर्धवट, आणि काही खरोखर दखल घेण्याजोगं असतं. सगळंच ‘फालतू’ म्हणून पुसून टाकणं आणि सगळ्यालाच ‘बघा, म्हटलं होतं ना’ म्हणणं, दोन्हींत नुकसान आहे. दावा वेगळा काढून तपासायला अर्धा तास पुरतो.

पहिली पायरी: दावा कागदावर उतरवा

मेसेज वाचून पाच गोष्टी लिहून काढा: निवडणूक कोणती (लोकसभा, विधानसभा की महापालिका), मतदारसंघ कोणता, मतदान केंद्राचा क्रमांक काय, घटना कोणत्या दिवशी किती वाजता घडली, आणि गडबड नेमकी कुठल्या टप्प्यावर झाली असं म्हणणं आहे. पाचातले तीन रकाने रिकामे राहिले तर हातात दावा नाही, संशय आहे. संशय असायला हरकत नाही, पण तो तपासता येत नाही. पाठवणाऱ्याला सरळ विचारा, ‘केंद्र क्रमांक काय?’ बहुतेक मेसेज इथेच संपतात.

निवडणूक कोणती हे आधी विचारण्याला कारण आहे. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, तर इंदूर महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. ही दोन वेगळी कार्यालयं आहेत आणि त्यांचे नियमही वेगळे. महापौराच्या निवडणुकीतलं यंत्र दाखवून लोकसभेबद्दल बोलणारे व्हिडिओ बरेच असतात. पालिकेचा प्रश्न लोकसभेच्या तक्रार खिडकीवर नेला तर तो तिथेच पडून राहतो.

दुसरी पायरी: साखळीतली कडी ओळखा

मतदार यादीपासून निकालापर्यंत साखळी अशी: यादी, यंत्रांची तपासणी व वाटप, मतदानाचा दिवस, स्ट्राँग रूम (मतदान झालेली यंत्रं सील करून ठेवायची खोली), मोजणी. प्रत्येक कडीचा वेगळा कागद असतो आणि त्यावर वेगवेगळ्या लोकांच्या सह्या असतात. दावा ज्या कडीचा, कागदही त्याच कडीचा मागायचा. यादीत नाव नसल्याची तक्रार ‘मशीन हॅक’ या मथळ्याखाली आली, तर ती तक्रार खरी असूनही वाया जाते.

यादीबद्दलचे दावे

मतदार ओळखपत्राचा एकच क्रमांक दोन राज्यांतल्या दोघांकडे सापडला, म्हणून बोगस मतदार, हा दावा २०२५ मध्ये खूप गाजला. पूर्वी राज्यं आपापल्या पद्धतीने क्रमांक देत होती, त्यातून असे जुळे क्रमांक तयार झाले. आयोगाने ते मान्य केलं आणि दुरुस्ती हाती घेतली. पण क्रमांक जुळला म्हणजे माणूस दोनदा मत देतो असं होत नाही, कारण मत केंद्राच्या यादीतल्या नावावर पडतं. दुबार नोंद सिद्ध करायची तर एकच व्यक्ती दोन ठिकाणी दाखवावी लागते: नाव, वडिलांचं वा पतीचं नाव, वय, फोटो आणि दोन्ही यादीतले भाग क्रमांक व अनुक्रमांक.

उलट बाजूची तक्रार जास्त महत्त्वाची असते: जिवंत, राहत्या माणसाचं नाव कापलं गेलं. मध्य प्रदेशात नोव्हेंबर २०२५ पासून यादीची विशेष सखोल पुनरीक्षण मोहीम झाली, त्यामुळे इथल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव पुन्हा पाहून घ्यायलाच हवं. नवीन नावासाठी फॉर्म ६, नावावर हरकत किंवा वगळणीसाठी फॉर्म ७, पत्ता व इतर दुरुस्तीसाठी फॉर्म ८. राजेंद्रनगरातून विजयनगरला राहायला गेलात तर फॉर्म ८ भरायचा. नवा फॉर्म ६ भरला तर दुबार नोंद तुमचीच होते. मदतीला १९५० हा क्रमांक आहे.

यंत्राबद्दलचे दावे

इथे जरा थांबू, कारण सर्वाधिक गोंधळ इथलाच.

यंत्राचे तीन भाग असतात: मतदार बटण दाबतो ते बॅलट युनिट, मतं साठवणारं कंट्रोल युनिट आणि चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट. बनवणारे दोनच सरकारी उपक्रम, बेंगळुरूचं भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादचं ईसीआयएल. यंत्र विजेच्या जोडणीवर चालत नाही, बॅटरीवर चालतं. आयोगाच्या म्हणण्यानुसार त्यात बिनतारी संपर्काचा कुठलाही भाग नाही, म्हणून ‘मोबाइलवरून निकाल बदलला’ या दाव्याने आधी हे सांगायला हवं की सिग्नल नेमका पकडला कशाने.

पण प्रश्न तिथे संपत नाहीत. व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हं लॅपटॉपवरून सिम्बॉल लोडिंग युनिटद्वारे भरली जातात, आणि यंत्राचा सोर्स कोड जाहीर नाही. हे आक्षेप सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण दोन गोष्टी दिल्या. ही लोडिंग युनिटं निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवायची. आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालापासून ७ दिवसांत लेखी मागितलं, तर प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची (आतल्या चिपची) तपासणी उत्पादकाच्या अभियंत्यांकडून करून द्यायची. खर्च अर्जदाराचा, छेडछाड सिद्ध झाली तर पैसे परत. म्हणून एखादा पराभूत उमेदवार ‘यंत्रात गडबड’ म्हणत असेल तर विचारायचा प्रश्न ठरलेला आहे: सात दिवसांत अर्ज केला का? कुठल्या केंद्रांची यंत्रं मागितली?

मतदानाच्या दिवसाची खरी कसोटी म्हणजे मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान. मतदान सुरू होण्याच्या ९० मिनिटं आधी, पोलिंग एजंटांसमोर (केंद्रावर बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर) किमान ५० मतं टाकली जातात, मोजली जातात, चिठ्ठ्यांशी जुळवली जातात. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने यंत्र रिकामं करायचं, चिठ्ठ्या काढून त्यांच्या पाठीवर शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात सील करायच्या. कधी घाईत ‘क्लिअर’ राहून जातं आणि ती ५० मतं खऱ्या मतांत मिसळतात. मोजणीच्या दिवशी ‘मतदार ६१२, मतं ६६२’ असा फोटो दिसला तर फरक ५० च्या आसपास आहे का, हे आधी पाहा. असं यंत्र मोजणीत बाजूला ठेवतात. विजयाचं अंतर त्या यंत्रातल्या मतांपेक्षा जास्त निघालं तर ते तसंच राहतं, कमी असेल तर चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. ही चूक निष्काळजीपणाची असते आणि तिची नोंद व्हायलाच हवी, पण तिला लबाडी म्हणायला आणखी पुरावा लागतो.

आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. मार्च २०१७ च्या अखेरीस भिंड जिल्ह्यात अटेरच्या पोटनिवडणुकीआधी यंत्राच्या प्रात्यक्षिकात दाबलेल्या बटणाशी न जुळणारी चिठ्ठी निघाली आणि देशभर गाजली. व्हिडिओ खरा होता. चौकशीत निघालं ते असं की ते व्हीव्हीपॅट कानपूरच्या गोविंदनगरहून आलेलं होतं आणि तिथली जुनी माहिती प्रात्यक्षिकाआधी पुसलेली नव्हती. व्हिडिओने काय घडलं ते दाखवलं, का घडलं ते दाखवलं नाही. दोन्ही वेगळं तपासावं लागतं.

बटण दाबल्यावर चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. चिन्ह चुकीचं दिसलं तर बाहेर येऊन व्हिडिओ करू नका, तिथेच पीठासीन अधिकाऱ्याला (महाराष्ट्रात ज्याला केंद्राध्यक्ष म्हणतात) सांगा. नियम ४९-एमए नुसार लेखी प्रतिज्ञापत्र घेऊन एजंटांसमोर चाचणी मत टाकलं जातं. तक्रार खरी निघाली तर त्या यंत्रावर मतदान थांबतं. खोटी निघाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. या धाकाने खरी तक्रार असलेला माणूसही गप्प बसतो, हा त्या नियमाचा दोष आहे. म्हणून सात सेकंद काचेकडे नीट पाहा, आणि जे पाहिलं त्याबद्दल खात्री असेल तर मागे हटू नका.

९९ टक्के बॅटरीचा दावा ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणाच्या निकालानंतर पसरला. कंट्रोल युनिटची बॅटरी चार्ज न होणारी, अल्कलाइन असते. आयोगाच्या स्पष्टीकरणानुसार व्होल्टेज ७.४ च्या वर असेपर्यंत पडदा ९९ च दाखवतो, खाली आलं की खरी टक्केवारी दिसू लागते. कमी मतं पडलेल्या वा दिवसा बॅटरी बदललेल्या यंत्रावर ९९ दिसणं स्वाभाविक आहे. बॅटरी बदलल्याची नोंद पीठासीन अधिकाऱ्याच्या डायरीत असते. शंका असेल तर ती डायरी मागा.

ट्रक आणि पेट्या

प्रत्येक निवडणुकीत राखीव यंत्रं फिरत असतात. मतदानानंतर चार गट पडतात: अ म्हणजे मतं पडलेली चालू यंत्रं, ब म्हणजे मतं पडल्यावर बिघडलेली, क म्हणजे न वापरता बिघडलेली, ड म्हणजे न वापरलेली राखीव. अ आणि ब स्ट्राँग रूममध्ये, क आणि ड दुसऱ्या ठिकाणी. व्हिडिओत पेटीवरचा क्रमांक वाचता येत असेल तर तपास सोपा आहे, कारण कुठलं यंत्र कुठल्या केंद्रावर जाणार याची यादी दुसऱ्या संगणकीय सोडतीनंतर उमेदवारांना मिळालेली असते. क्रमांक त्या यादीत केंद्रासमोर सापडला तर गंभीर प्रश्न आहे. राखीव यादीत सापडला तर यंत्रांच्या ने-आणीचा ढिसाळपणा.

ढिसाळपणाही लहान समजू नये. २०१८ च्या विधानसभा मतदानानंतर सागर जिल्ह्यात राखीव यंत्रं सुमारे दोन दिवस उशिरा जमा झाली. ३० नोव्हेंबरला भोपाळच्या स्ट्राँग रूमचे कॅमेरे वीज गेल्याने तासाभराहून जास्त बंद होते, हे आयोगानेही मान्य केलं. दोन्हींतून मतं बदलल्याचं सिद्ध झालं नाही. पण कॅमेरा बंद असताना सील आणि कुलूप शाबूत होतं हे दाखवायची जबाबदारी प्रशासनाची असते. उमेदवाराच्या माणसांना स्ट्राँग रूमबाहेर मुक्काम करायची परवानगी असते. सीलचे क्रमांक मतदानाच्या रात्रीच लिहून घेणारा माणूस तिथे असेल तर असे दावे चार मिनिटांत निकाली निघतात.

सगळ्यात मोलाचा कागद: १७-सी

एकच कागद लक्षात ठेवायचा असेल तर हा. मध्य प्रदेशात तो हिंदीत छापलेला मिळतो, त्यावर ‘प्ररूप १७ग’ आणि ‘अभिलिखित मतों का लेखा’ असं लिहिलेलं असतं. मतदान संपल्यावर पीठासीन अधिकाऱ्याने त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला द्यायची असते. त्यात केंद्राचे एकूण मतदार, रजिस्टर १७-ए (हिंदीत १७क) मध्ये नोंदलेले मतदार, मत न देता परत गेलेले, यंत्रातली एकूण मतं, यंत्राचे आणि कागदी सीलचे क्रमांक असतात.

मोजणीच्या टेबलावर कंट्रोल युनिट आलं की आधी यंत्राचा क्रमांक आणि सील या कागदाशी जुळवायचं, मग एकूण मतं, आणि त्यानंतरच उमेदवारवार आकडे. मोजणीनंतर केंद्रनिहाय निकाल फॉर्म २० मध्ये येतो आणि तो मुख्य निर्वाचन अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर मिळतो. एजंटकडची १७-सी आणि फॉर्म २० शेजारी ठेवा. एकूण जुळतं का, एवढंच पाहायचं. कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय, दोन कागद आणि एक पट्टी घेऊन होणारं हे काम आहे. जुळलं नाही तर हातात केंद्र क्रमांकासह, सहीसह दावा आला.

अडचण अशी की बऱ्याच पक्षांचे एजंट संध्याकाळी प्रत न घेताच घरी जातात. मग ‘१७-सी दिलीच नाही’ अशी ओरड होते. कुठे ती खरी असते, कुठे मागितलीच नव्हती. मागितल्याची नोंद ठेवा.

‘पाच नंतर टक्केवारी फुगली’

महाराष्ट्रात विधानसभेच्या मतदानात २० नोव्हेंबर २०२४ ला पाच वाजता ५८.२२ टक्के, अंतिम ६६.०५ टक्के. फरक साधारण ७६ लाख मतांचा. मेसेजमध्ये हाच आकडा असतो. तपासायचं असं.

पाच वाजताचा आकडा अंदाजी असतो. तो केंद्रांवरून फोनने, अ‍ॅपने गोळा होतो आणि मागे पडलेला असतो. मतदानाची वेळ सहापर्यंत होती, म्हणजे पाच ते सहा हा पूर्ण तास त्यात नाही. सहा वाजता रांगेत उभ्या सगळ्यांना मत देता येतं: पीठासीन अधिकारी रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरू करून सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतो. आता भागाकार करा. महाराष्ट्रात सुमारे एक लाख केंद्रं होती, म्हणजे सरासरी प्रत्येकी ७६ मतं. तास-दीड तासात हे अशक्य नाही.

पण सरासरीने दावा संपत नाही, आणि इथे बरेच ‘खुलासे’ लबाडी करतात. एखाद्या केंद्रावर ७६ ऐवजी ४०० मतं शेवटच्या वेळी पडली असतील तर सरासरीत ती दिसणार नाहीत. यंत्र मिनिटाला जास्तीत जास्त चार मतं घेतं. म्हणून त्या केंद्राचं रजिस्टर, वाटलेल्या चिठ्ठ्यांची संख्या आणि १७-सी एवढ्यावरच निकाल लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने या विषयावरची याचिका जून २०२५ मध्ये फेटाळली.

विचित्र आकडा म्हणजे पुरावा नव्हे

इंदूरकरांना हे दुसऱ्या कुणी समजवायला नको. २०२४ च्या लोकसभेत इथे नोटाला २,१८,६७४ मतं पडली. आधीचा उच्चांक बिहारमधल्या गोपालगंजचा, २०१९ मधला ५१,६६०. विजयाचं अंतर ११,७५,०९२. बाहेरच्या माणसाला हे आकडे पाहून यंत्रच बिघडलं असं वाटेल. कारण मात्र उघड आहे: २९ एप्रिलला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतली आणि पक्षाने नोटाचं बटण दाबायचं आवाहन केलं. माघारीबद्दल कुणाचं काय मत आहे तो वेगळा, मोठा प्रश्न आहे. यंत्राने मात्र लोकांनी दाबलं तेच मोजलं, असं समजायला पुरेसं कारण समोर आहे.

विचित्र आकडा दिसला की आधी विचारा: गेल्या वेळी काय होतं, शेजारच्या केंद्रावर काय आहे, मधल्या काळात काय घडलं. मगच संशय घ्या.

आणि अंतर बघा. २०१८ मध्ये ग्वाल्हेर दक्षिणचा निकाल १२१ मतांनी लागला. तिथे एका यंत्राची चूकही निकाल फिरवू शकली असती. अकरा लाखांच्या फरकात शंभर यंत्रांच्या चुकीनेही फिरत नाही. न्यायालयही हेच विचारतं: निकालावर ठोस परिणाम झाला का?

चिठ्ठ्यांच्या नमुन्याचं गणित

प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या सोडत काढून मोजल्या जातात. हा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१९ चा आदेश. पाच पुरेत का? समजा एका विधानसभेत ५ टक्के यंत्रं फिरवलेली आहेत. पाच यंत्रं काढून त्यातलं एकतरी सापडण्याची शक्यता साधारण २३ टक्के. म्हणजे एकट्या जागेपुरती ही चाळणी विरळ आहे आणि तसं म्हणणारे चुकीचं बोलत नाहीत. इंदूर लोकसभेत आठ विधानसभा क्षेत्रं येतात, म्हणजे ४० यंत्रं. त्या सगळ्यांत ५ टक्के गडबड असेल तर सापडण्याची शक्यता ८७ टक्क्यांवर जाते. राज्यभर २३० जागांवर ११५० यंत्रं, तिथे लपणं जवळपास अशक्य. ‘राज्यभर यंत्रं फिरवली’ या दाव्याच्या विरोधात हा नमुना भक्कम आहे, ‘आमच्या एका जागेवर केलं’ या दाव्याच्या विरोधात तेवढा नाही. चिठ्ठ्या आणि यंत्र यांत फरक पडला तर नियमाने चिठ्ठ्यांचा आकडा मानला जातो.

सिद्ध झालेली प्रकरणं कशी दिसतात

चंदीगडच्या महापौर निवडणुकीत ३० जानेवारी २०२४ ला पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका खराब करून बाद ठरवल्या. तिथे यंत्र नव्हतंच, कागद होता. कॅमेऱ्यातलं चित्रण होतं, मतपत्रिका जपलेल्या होत्या, मागणी वेळेत झाली. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. हरियाणातल्या बुआना लाखू गावात २०२२ च्या सरपंच निवडणुकीची यंत्रं सर्वोच्च न्यायालयाने मागवून मोजली आणि २०२५ मध्ये विजेता बदलला. दोन्ही ठिकाणी नेमकी जागा, नेमका आकडा, आणि जपलेला पुरावा होता.

येता-जाता विचारले जाणारे प्रश्न

शाई सॅनिटायझरने जाते का? म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातल्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, ते त्वचेवर आणि नखावर धरायला थोडा वेळ लागतो. ओली असताना पुसली तर फिकी पडते, म्हणून ती वाळू देतात. शाई गेली तरी रजिस्टरातली सही राहते.

मी कुणाला मत दिलं ते कळतं का? रजिस्टरात क्रम असतो, पण चिठ्ठ्या डब्यात मिसळतात आणि त्यावर मतदाराचं नाव नसतं.

माझ्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं तर? परत फिरू नका. ओळख पटवून निविदत्त मतपत्रिका मागा, कागदावर मत देता येतं. ती मोजणीत लगेच धरत नाहीत, पण बोगस मतदानाचा तो अधिकृत पुरावा असतो. एजंटला एखाद्या मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा असेल तर अनामत फक्त दोन रुपये आहे.

तक्रार कुठे, कधी

मतदानाच्या दिवशी सी-व्हिजिल अ‍ॅपवर जागेवरून फोटो टाका, १०० मिनिटांत कारवाईची मुदत असते. मोजणीच्या दिवशी फेरमोजणीची मागणी उमेदवाराने किंवा त्याच्या एजंटने, एकूण आकडे जाहीर झाल्यावर पण विजेता घोषित होण्याआधी, लेखी आणि कारणांसह रिटर्निंग ऑफिसरकडे करायची. नेहरू स्टेडियमवर गर्दी-गोंगाटात ही वेळ हातची निसटते, म्हणून अर्जाचा मसुदा खिशात आधीच लिहिलेला असावा, फक्त केंद्र क्रमांक आणि आकडे भरायचे.

लोकसभा-विधानसभेच्या निकालाला आव्हान द्यायचं तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, आपल्याकडे इंदूर खंडपीठात. ती उमेदवारच नव्हे, त्या मतदारसंघाचा कुठलाही मतदार करू शकतो. आणि २०२५ च्या आयोगाच्या सूचनेनुसार याचिका नसेल तर मतदान केंद्रांचं कॅमेऱ्याचं चित्रण ४५ दिवसांनी नष्ट करता येतं. म्हणून ‘व्हिडिओ मागवा’ ही मागणी पहिल्या आठवड्यातच लेखी द्या, केंद्र क्रमांक आणि तासासह, आणि पोचपावतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.